धुळ्यात न भरणारी बॅटरी

आमची गाडी नेमकी कशावर चालते, हे जळगावात कुणालाही एका वाक्यात सांगता येत नाही. पेट्रोलची आहे का, तर आहे. बॅटरीची आहे का, तर तीही आहे. घरातल्या प्लगवर चार्ज करायची, चाळीसएक किलोमीटर गुपचूप बॅटरीवर चालवायची, आणि बॅटरी संपली की ती आपली आपण पेट्रोलवर जाते. नाशिकच्या एका डॉक्टरांनी मुलाकडे परदेशी जाताना ती विकायला काढली आणि माझ्या नवऱ्यानं घरी आणली. मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत पहिल्या आठवड्यात जो येईल तो दोन्ही बाजूंची झाकणं उघडून दाखवायला लावायचा, एक पेट्रोलचं, एक चार्जिंगचं, आणि मग विचारायचा, "म्हणजे नेमकं काय?" नवऱ्यानं उत्तर ठरवून टाकलं होतं, "दोन्ही घरचं जेवणारी आहे." माझं मात्र तेवढ्यावर भागत नव्हतं.

मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. एखादा रिपोर्ट विचित्र आला की दोष रक्तात आहे, नळीत आहे, मशीनमध्ये आहे की सुई टोचणाऱ्याच्या हातात, हे एकेक करून बाजूला सारत जायचं, ही माझी रोजची भाकरी. ती सवय घरीही सुटत नाही. दूध नासलं तरी मी चौकशी लावते, असं घरचे म्हणतात, आणि ते खरं आहे.

अशा बाईच्या हातात ही गाडी म्हणजे मेजवानीच. पहिले काही महिने ती गावाबाहेर गेलीच नाही, जळगावातल्या जळगावात बॅटरीवरच फिरायची, पेट्रोलचा काटा महिनोन्‌महिने जागचा हलायचा नाही. एके दिवशी सिग्नलला उभी असताना इंजिन आपोआप सुरू झालं आणि बॅटरी भरलेली असूनही बंद होईना. नवरा शोरूमला फोन लावत बसला, मी पुस्तिका उघडली. टाकीतलं पेट्रोल फार दिवस पडून राहिलं तर शिळं होतं, म्हणून गाडी मधूनमधून ते स्वतःच जाळून टाकते, असं त्यात लिहिलं होतं. मला ते फारच आवडलं. दुसऱ्या खेपेला दारच उघडेना. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली, पण कुलूप, दिवे आणि सगळी अक्कल चालते ती एका छोट्या साध्या बॅटरीवर, आणि आम्ही चार दिवस गावाला गेलो तेवढ्यात ती उतरली होती. मे महिन्यात तर बंद करून ठेवलेल्या गाडीतून पंख्याचा आवाज येऊ लागला. आत कुणी अडकलं आहे की काय म्हणून शेजारीण धावत आली. बॅटरी तापली की गाडी तिला वारा घालते, एवढंच ते होतं.

ही सगळी कोडी सुटली. एक मात्र बरेच महिने सुटलं नाही, आणि ते जळगावचं नव्हतं, धुळ्याचं होतं.

धुळ्याला माझे वडील, आबा, एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हापासून मी दर रविवारी जाते. आबा एसटीच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. खिडकीत बसून गाड्या लावायच्या, पुकारायच्या आणि वेळेवर सोडायच्या, हे त्यांनी उभा जन्म केलं. गाडी कुणासाठी थांबवायची नाही, हा त्यांचा नियम होता. एकदा आई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन धावत येत होती, आबांनी खिडकीतून तिला पाहिलं आणि चाळीसगावची गाडी सोडून दिली. आई पुढची कित्येक वर्षं ही गोष्ट आल्यागेल्याला हसत सांगायची, पण पुरती माफ तिनं केलेली नव्हती.

निवृत्त झाल्यावर तो नियम घरी आला. मी रविवारी पोचायची, भरीत-भाकरी व्हायची, ताटं उचलली की आबा घड्याळाकडे बघून त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "निंघ बरं आते. तुले लांब जानं शे." राहा, बस, आणखी थोडा वेळ थांब, हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत. मला राग यायचा. आठवडाभर लॅबमध्ये खपून नव्वद किलोमीटर गाडी हाणत यायचं, ते काय ताट धुऊन परत फिरायला?

सुरुवातीचे महिने मी धुळ्याला जुनीच गाडी नेत होते. नवी घेऊन पहिल्यांदा गेले तेव्हा आबा तिच्याभोवती हळूहळू एक चक्कर मारून आले. "आवाज करस नही. मंग चालू शे का बंद, हाई कसं समजी?" त्यांनी विचारलं. मी सगळं नीट समजावून सांगितलं. जळगावहून निघाल्यावर एरंडोलच्या आसपास बॅटरी संपते आणि तिथून पुढे पेट्रोल. इथे तुमच्या प्लगवर भरली तर परतीचा अर्धा रस्ता पुन्हा बॅटरीवर. नाही भरली तरी अडत काही नाही, पेट्रोलवर जातेच. आबांनी मान हलवली. मग म्हणाले, "भर ना मंग आठेच."

भरायला गेले तर चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. घराच्या अर्थिंगमध्ये दोष असला की तो लागतो. आबांच्या घराचं अर्थिंग म्हणजे लिंबाच्या झाडाशेजारी पुरलेला एक लोखंडी पाइप. धुळ्याच्या उन्हात जमीन तडकून कोरडी ठाक झाली होती, वीज उतरणार कुठे? गल्लीतल्या वायरमननं सांगितलं तसं आम्ही दोघांनी खड्डा उकरला, त्यात मीठ आणि कोळसा घातला, वर दोन बादल्या पाणी ओतलं. दिवा हिरवा झाला. आबांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी असं समाधान पाहिलं. तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी लिंबाला आणि अर्थिंगला पाणी घालणं हे त्यांचं काम झालं.

गाडी भरायला दुपार जायची. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबला, स्थिर झाला, की बॅटरी भरली. तो स्थिर झाला की मी निघायची. तोवर आबांना मला हाकलता येत नव्हतं, कारण गाडीच तयार नव्हती, आणि तयार नसलेली गाडी सोडायची नाही हेही त्यांना नोकरीनंच शिकवलं होतं. मला हे बरं वाटायचं. आम्ही दोघं फारसं बोलत नसू. ते पेपर वाचायचे, मी आईच्या जागी आतल्या खोलीत चटईवर पडायची, चार वाजता चहा. पण ती दुपार मला आवडायची, आणि जळगावला घरी कुणी विचारलं तर मी चार्जिंगचं कारण पुढे करायची.

आणि मग बॅटरी भरेनाशी झाली.

म्हणजे भरायची, पण कधी दुपारी आटपायची, कधी पार दिवे लागायची वेळ यायची. तोच प्लग, तोच चार्जर, तेवढीच रिकामी बॅटरी. मेहरूणला घरी हाच चार्जर घड्याळ लावून घ्यावा इतका नेमका चालायचा. मी कामाला लागले. आधी गरम हवेवर संशय घेतला आणि गाडी लिंबाच्या सावलीत लावली. फरक नाही. मग नळाचं पाणी. आबांच्या भागात पाणी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज पडतं. पण उशीर पाणी नसलेल्या रविवारीही व्हायचा. मग प्लग बदलून घेतला. लॅबच्या मशीनवाल्याकडून मल्टिमीटर मागून आणला आणि दर अर्ध्या तासानं व्होल्टेज बघत बसले. तो रविवार अगदी सुरळीत गेला, बॅटरी वेळेत भरली. पुढच्या रविवारी मी झोपले आणि पुन्हा तेच. नवरा म्हणाला, "तू बघतेस तेव्हा ती नीट वागते. शहाणी आहे." मी हसले, पण मनात ते नोंदवून घेतलं नाही. घ्यायला हवं होतं.

एका रविवारी जागी होऊन बाहेर आले तर चार्जरवर दिवाच नव्हता. लाल नाही, हिरवा नाही, काहीच नाही. घरात पंखा फिरत होता, म्हणजे वीज होती. दोन खोल्यांमधल्या बोळीतल्या बोर्डावर पाहिलं, चार्जरचा स्विच बंद. आबा समोरच्या खोलीत खुर्चीत डुलक्या घेत होते. मी त्यांना उठवलं.

"आबा, चार्जरचा स्विच तुम्ही बंद केला का?"

"नही. मी कसाले करसू?" ते म्हणाले आणि पेपर उचलून वाचायला लागले.

घरात आम्ही दोघंच. मी केला नव्हता. म्हणजे आबांनी केला होता आणि केला हे त्यांना आठवत नव्हतं.

माझ्या भावाचं म्हणणं हेच होतं. तो माझ्याहून धाकटा, पुण्याला असतो. त्याच्या सोसायटीतल्या एका आजोबांनी गॅस सुरू ठेवून फिरायला जायचा प्रताप केला होता, तेव्हापासून त्यानं धोशा लावला होता, आबांना पुण्याला न्यायचं आणि धुळ्याचं घर भाड्यानं द्यायचं. आबा ठाम नाही म्हणत होते. शेवटी आमचं ठरलं होतं की आबांचं डोकं जोवर नीट चालतं आहे तोवर ते धुळ्यात राहतील. बघायचं मी, कारण दर आठवड्याला मीच जाते. आबांना हा करार माहीत होता. पहिला विसर पडला की घर सुटणार, हेही.

मी भावाला स्विचचं सांगितलं. लपवून ठेवणं मला बरोबर वाटलं नाही. तो म्हणाला, "अक्का, आज स्विच आहे. उद्या गॅस असेल. मी दिवाळीनंतर येतो न्यायला." त्याच्या आवाजात भीती होती, उपकाराचा सूर नव्हता, म्हणून मला भांडताही येईना.

इथे मी एक शक्यता सोडून दिली होती, आणि का सोडली तेही सांगते. आबा रोज सकाळी विहारात जातात. पंचशील म्हणतात, आणि नुसतं तोंडानं म्हणत नाहीत. खोटं न बोलण्याचं शील त्यांनी इतकं कसोशीनं पाळलं की लहानपणी दारात कुणी नको असलेला पाहुणा आला तर "आबा घरी नाहीत" म्हणायचीही आम्हाला सोय नव्हती. आबा आतून ओरडून सांगायचे, "शे, शे, घरमाच शे मी." असा माणूस नाही म्हणाला की माझ्या लेखी ते नाहीच. त्यामुळे माझ्या हिशेबात दोनच कारणं उरली होती, वायरिंग नाहीतर विसर, आणि वायरिंग मी तपासून बसले होते.

पुढचे काही रविवार वाईट गेले. मी आबांची आडून परीक्षा घेऊ लागले. गुरुवारी काय जेवलात, शेजारच्या नानांच्या नातीचं लग्न कुठल्या गावी झालं, धुळ्याहून सकाळची शिरपूरची गाडी किती वाजता सुटायची? ते सगळं धडाधड सांगायचे. एकदा तर शिरपूरच्या गाडीबरोबर तिचा तेव्हाचा ड्रायव्हर कुठल्या बाजूनं लंगडायचा तेही सांगितलं. पण मग वरणात मीठ दोनदा पडायचं, आणि मी ते मनात टिपून ठेवायची. मीठ तर माझ्याही हातून दोनदा पडतं, पण माझ्यावर कुणी पाळत ठेवून नसतं. स्वतःच्या बापाकडे रिपोर्ट बघतात तसं बघायचं, याची मला लाज वाटत होती. आबांनाही कळत असणार. ते कमी बोलू लागले. अर्थिंगला पाणी मात्र शनिवारी घातलेलं असायचंच.

गणपतीच्या सुमाराचा एक रविवार होता. जेवून मी आत पडले होते. झोप नव्हती, डोळे नुसते मिटलेले. त्या चार्जरची एक खोड आहे. वीज गेली किंवा आली की त्याच्या डब्यात टक्‌ असा बारीक आवाज होतो. तो आवाज झाला. पंखा चालूच होता. मी डोळे किलकिले केले.

आबा बोळीत बोर्डाशी उभे होते, अनवाणी. एक हात स्विचवर. त्यांनी माझ्या खोलीकडे मान वळवून पाहिलं, मी झोपले आहे ना, म्हणून. मग पुढे येऊन दाराचा पडदा हलकेच सरकवला, माझ्या तोंडावर ऊन येत होतं ते अडवलं, आणि परत जाऊन खुर्चीत बसले. मला पडद्याच्या फटीतून ते दिसत होते. पेपर मांडीवर होता, पण ते वाचत नव्हते. नुसते बसले होते, माझ्या खोलीकडे तोंड करून. बऱ्याच वेळानं उठले, स्विच सुरू केला. टक्‌. पुन्हा खुर्चीत.

मला आधी हसू आलं. कित्येक महिने ज्याचा छडा लावायला मी जंग जंग पछाडलं, मल्टिमीटर आणला, प्लग बदलला, ते कोडं पायांत चप्पल न घालता बोळीतून येत-जात होतं. आणि मग त्या पडद्याकडे बघून रडू फुटलं. उशीत तोंड घालून मी रडून घेतलं.

मग उठून चहा केला. कप त्यांच्या हातात दिला आणि समोर खाली बसले.

"आबा, स्विच तुम्हीच बंद करता ना?"

त्यांनी कपात फुंकर घातली. या खेपेला ते नाही म्हणाले नाहीत.

"करस," ते म्हणाले. "दर रविवारले नही. तुले झोप लागी जास तव्हयच."

"मग त्या दिवशी नाही का म्हणालात?"

"त्या दिनले मना डोळा लागी गया. परत चालू करानं ऱ्हाई गयं." मग म्हणाले, "खोटं बोलनू मी. विहारमा जाईसन बी बोलनू."

मी म्हटलं, त्या एका खोट्यापायी तुम्हाला पुण्याला पाठवायला निघालो होतो आम्ही. विसरभोळे ठरलात तुम्ही. त्यापेक्षा खरं सांगायचं होतं.

"काय सांगू? लेकले थांबाडाकरता गाडी बंद करस, असं सांगू?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "इसरभोया म्हना ते परवडनं."

मी म्हटलं, आबा, ही गाडी चार्ज न करताही जळगावला जाते. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी.

"माले माहीत शे. बठ्ठं ध्यानमा शे मना. एरंडोलले बॅटरी सरस, मंग पेट्रोल." मग पहिल्यांदा ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुले बी माहीत व्हतं ना? मंग तू कसाले थांबे?"

आम्ही दोघांनी मिळून ती गाडी महिनोन्‌महिने विनाकारण भरत ठेवली होती.

पण माझ्यापुढे आता उलटाच पेच उभा राहिला होता. डोकं शाबूत आहे हे कळलं, आणि त्याच क्षणी हेही कळलं की हा माणूस इतका एकटा आहे की लेक तासभर जास्त थांबावी म्हणून स्विच बंद करत बसतो. एकट्याला राहता येतं आहे, पण राहू द्यावं का? भावाला आता काय सांगायचं? म्हणून मी सरळच विचारलं.

"आबा, खरं सांगा. पुण्याला जायचं का? तिथे सून आहे, नातू आहेत. सारखं कुणी ना कुणी घरात असतं. एकटं वाटणार नाही."

आबांनी चहा संपवला. कप खाली ठेवला.

"तठे कोन येई माले भेटाले?" ते म्हणाले. "बठ्ठा तठेच ऱ्हातस. कोनी येस नही, कोनी जास नही. आठे तू येस. शनिवारपासून माले काम ऱ्हास. वांगा लयना, पानी टाकनं, तुनी वाट देखनी. पुण्याले मी कोनी वाट देखू?"

मी तिथेच, त्यांच्या समोर, भावाला फोन लावला. सांगितलं की स्विच आबांनी स्वतः बंद केला होता, जाणूनबुजून. विसर वगैरे काही नाही, तुझ्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त आठवतं, आणि ते धुळ्यातच राहतील.

"जाणूनबुजून? कशासाठी?" भावानं विचारलं.

आबा खिडकीबाहेर बघत होते, पण कान इकडेच होते.

"इथे आलास की सांगते," मी म्हटलं. "न्यायला नको येऊस, नुसता ये. आणि कधी येणार ते आत्ताच सांग, आबांना आधीपासून माहीत असायला लागतं."